दोन बेंदरांच्या मधले दाजी

तारखेवर विश्वास ठेवणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, तारीख विसरणारी त्याहून जास्त; पण तारखेला पिंजऱ्यात उभं करून तिची उलटतपासणी घेणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीला नवरा म्हणून मिळाला. आमचे दाजी. राहणार निपाणी. सगळी नोकरी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून झाली. म्हणजे काचेच्या खोलीत बसायचं, कोल्हापूर किती वाजता आली, बेळगाव किती वाजता सुटली ते लिहायचं, आणि भोंग्यावरून आधी कन्नडात, मग मराठीत, आणि कुणी परगावचा गोंधळलेला दिसला तर हिंदीतसुद्धा ओरडायचं. अशा माणसाला घड्याळाचा नाद लागला तर त्याला कोण काय बोलणार? पण निवृत्त झाल्यावर हाताशी बसगाड्या राहिल्या नाहीत, तेव्हा दाजींनी आपलं सगळं खानदान वेळापत्रकावर घेतलं. पणज्यापासून लेकीपर्यंत कोण कधी जन्मलं आणि कोण कधी गेलं, हे शोधून काढायचा त्यांनी विडा उचलला. घरातल्या जिवंत माणसांची त्यामुळं काय अवस्था झाली ते आक्कालाच विचारावं.

भंगारवाल्याकडून त्यांनी एक जुना लाकडी फळा आणला होता, कुठल्याशा स्टँडवर वेळापत्रकासाठी वापरलेला. त्यावर रकाने आयतेच होते: गाडी, आगमन, निर्गमन, शेरा. दाजींनी फक्त 'गाडी' खोडून 'व्यक्ती' केलं आणि फळा सोप्यात, दारासमोरच्या भिंतीवर ठोकला. आगमन म्हणजे जन्म, निर्गमन म्हणजे मरण. आक्का कपाळाला हात लावून म्हणाली, "अवो, पावणं दारात आलं की पयलं मेलेल्या माणसांचं टायमिंग वाचत्यात, मग चहा पित्यात." दाजींनी ऐकलं नाही. त्यांचा नियम एकच होता, आणि तो त्यांनी देवाच्या शपथेसारखा पाळला: पक्की तारीख पांढऱ्या ऑइलपेंटात, कच्ची तारीख खडूत. आता आमच्याकडच्या घराण्यांत पक्की तारीख म्हणजे दुधावरची साय, शोधावी तेव्हा मांजरानं खाल्लेली. सबंध फळ्यावर रंगात एकच आगमन होतं, ते त्यांच्या मुलीचं, कारण ती दवाखान्यात जन्मली. बाकी सगळा खडू. पणजोबांच्या आगमनात लिहिलं होतं 'पहिल्या प्लेगात', निर्गमनात 'तिसऱ्या प्लेगात', आणि शेऱ्यात 'दोन्ही प्लेग तपासणे'. हा 'तपासणे' त्यांचा लाडका शब्द. काहींच्या पुढं 'वाद चालू आहे' असायचं, आणि एका चुलत आज्याच्या पुढं 'साक्षीदार बहिरा'. पहिल्याच दिवाळीच्या साफसफाईत आक्कानं ओल्या फडक्यानं फळा स्वच्छ पुसून काढला आणि दोन पिढ्या बादलीत गेल्या. दाजी दोन दिवस आक्काशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चकल्या झाल्या तेव्हा बोलले.

हा नाद लागायला कारण घडलं ते त्यांच्या हाताचं. दाजींचे हात लांब आहेत. जेवायला बसले की पलीकडच्या ताटाजवळचं लोणचं ते न वाकता उचलतात. त्यांच्या लहानपणी शाळेत घालताना पोराचं वय बघायची एकच रीत होती, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण. बाकीच्या पोरांना त्यासाठी सहा वर्षं थांबावं लागायचं, दाजींचा कान पाचव्याच वर्षी हाताला लागला. मास्तरांनी सहा धरले आणि तारीख घातली एक जून. त्या मास्तरांच्या लेखी गावातली समस्त बाळंतपणं शाळा उघडायच्या दिवशीच होत असत. परिणाम असा, की नोकरीत दाजी वर्षभर आधीच म्हातारे झाले आणि एकतीस मेला घरी बसले. त्या दिवशी निरोपाला इतकी माणसं एका ओळीत खुर्च्यांवर बसली होती, की हार घेऊन आलेल्या फुलवाल्यानं विचारलं, सामुदायिक लग्न आहे काय? सगळेच एक जूनचे! "पावणं," दाजी मला म्हणाले, "माझं एक वरीस सरकारनं न्हाय खाल्लं. माझ्याच हातानं खाल्लं." मी हसलो, तर माझ्याकडं बोट करून म्हणाले, "हसू नगा. तुमचीबी एक जूनच हाय. तुमी बी मास्तराचंच." खोटं कशाला बोलू, आहे.

पण वर्ष गेल्याचं दुःख त्यांनी पचवलं असतं. खरी ठेच लागली ती दुसऱ्या दिवशी. एक जून उजाडला, नवरा घरी, म्हणून आक्कानं हौसेनं निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी असं ताट केलं आणि सासूबाईंना म्हणाली, "आत्ती, ह्यास्नी ओवाळा. वाढदिवस हाय आज." दाजी टोपी घालून पाटावर बसलेले. मी समोरच होतो. म्हातारीनं ताटाकडं बघितलं, दाजींकडं बघितलं आणि विचारलं, "कुणी सांगितलं?"

"शाळंच्या दाखल्यावर हाय की."

"मग दाखल्याला ओवाळ," म्हातारी म्हणाली. "माझं पोरगं बेंदराला झालंय. मास्तर हुता व्हय माझ्या उशाला?" आणि भिंतीकडं तोंड करून बसली ती बसलीच.

सगळे हसलो. दाजीही हसले, पण टोपी काढून उठताना त्यांचा चेहरा मी पाहिला. त्यांच्या लहानपणी वाढदिवस कुणाचेच होत नसत, त्यामुळं ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच कधी आली नव्हती. बाहेर कट्ट्यावर आल्यावर म्हणाले, "पावणं, भाऊबीजंला बहिणी ओवाळत्यात, पाडव्याला तुमची आक्का. आईनं मला जलमदिस म्हणून एकदाबी ओवाळलं न्हाय हो. एकदा तरी तिच्या हातनं व्हायला पायजे. पर दिवस खरा पायजे. ती खोट्या दिवसाला ओवाळायची न्हाय, आन मीबी खोट्या दिवसाला बसायचा न्हाय." फळ्यावरचे प्लेग आणि पणजोबा सगळे नंतरचे. पहिली ओळ त्यांनी स्वतःची लिहिली होती.

आता कुणी म्हणेल, म्हातारीनं दिवस सांगितलाच की, बेंदूर! तर असं म्हणणारा माणूस आमच्या सीमाभागातला नव्हे. दुसरीकडं पोळा असतो तो आमच्याकडं बेंदूर. बैलांना धुवायचं, शिंगं रंगवायची, पुरणपोळी खाऊ घालायची आणि मग आपण खायची. पण आमच्याकडं बेंदूर दोन. ज्येष्ठात येतो तो कर्नाटकी बेंदूर आणि महिन्यानं, आषाढात येतो तो महाराष्ट्रीय बेंदूर. कॅलेंडरात तसे छापलेलेच असतात. सीमाप्रश्न फक्त माणसांचाच आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्याकडच्या बैलांना भेटावं. गाव कुठल्याही राज्यात असो, बैलाचा सण गाव आपल्या मनानं धरतं. दाजींचं गाव निपाणीच्या पलीकडं, कागलच्या अंगाला, तिथं आषाढातला. म्हातारीचं माहेर चिकोडीच्या बाजूला, तिथं ज्येष्ठातला. दाजी पहिलं अपत्य, म्हणजे जन्म माहेरी, हे पक्कं. पण म्हातारीनं सासरी येऊन सगळी हयात घालवलेली. तिच्या तोंडातला 'बेंदूर' माहेरचा की सासरचा? दाजींच्या ओळीत, आगमनाच्या रकान्यात, खडूनं लिहिलेलं असे: 'बेंदूर (कंचा?)'.

त्यांनी म्हातारीला विचारून बघितलं नाही असं नाही. रोज विचारायचे.

"आये, बेंदूर कंचा गं? तिकडला का हितला?"

"बेंदूर म्हंजे बेंदूर. बैल काय कॅलेंडर बघतोय?"

"बरं, पाऊस हुता?"

"गळत हुतं."

"पाऊस का छप्पर?"

"दोन्ही."

एवढ्यावरून शेरा काय लिहिणार? आक्का व्यवहारी. तिनं सरळ तोडगा काढला, दोन्ही बेंदरांना ओवाळून घ्या, कुठला तरी एक खरा असंलच. दाजी भडकले. "माणूस दोनदा जलमतो व्हय? एक गाडी फलाटाला दोनदा येती का?" आक्का म्हणाली, "येती की! एकदा न थांबता फुडं जाती, मग लोक बोंबलल्यावर मागं येती. तुमीच सांगत हुता." यावर दाजी उठून अंघोळीला गेले.

मग सुरू झाले दौरे. मी बेळगावला राहतो आणि माझ्याकडं गाडी आहे, या दोन गुन्ह्यांबद्दल मला सारथ्याची शिक्षा झाली. बेळगावच्या विमानतळाशेजारी, सांबऱ्याला, त्यांची एक म्हातारी आत्ती, म्हणजे वडलांची बहीण, आहे, तिच्याकडं गेलो. ती दाजींच्या बारशाला हजर होती. दाजींनी पहिलाच प्रश्न टाकला, "आत्ती, तुझं लगीन कवा झालं?" साक्षीदाराची स्मरणशक्ती आधी पारखून घ्यायची, ही त्यांची पद्धत. आत्ती म्हणाली, "इमानं न्हवती तवा." तेवढ्यात खरोखरच एक विमान छपरावरून घरघरत गेलं आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. ते उतरल्यावर दाजींनी बारशाचं विचारलं. आत्तीचा चेहरा एकदम कडू झाला. "तुझ्या बारशाला घुगऱ्या कमी पडल्या. मला येवढीशी वाटी दिली. आन तुझ्या मोठ्या चुलतीला वटीभर!"

"म्हैना कंचा हुता, आत्ती?"

"म्हैना न्हाय ठाव. घुगऱ्या हरभऱ्याच्या हुत्या."

परतताना दाजींनी गाडीची काच वर केली. मग म्हणाले, "पावणं, एक गोष्ट ध्यानात आली. माणूस साल इसरतो, सणबी इसरतो, पर जेवान इसरत न्हाय. त्यातबी न मिळालेलं जेवान असंल, तर मरस्तवर इसरत न्हाय." मी म्हटलं, वा. एवढा मोठा सिद्धान्त हाताला लागूनही या गृहस्थानं तो आपल्या घरात लावून बघितला नाही, याला काय म्हणावं? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

बोरगावला तर त्यांनी अनर्थच करायचा बाकी ठेवला होता. भावकीतल्या एका पोराची सुपारी फुटायची होती. पोहे झाले, चहा आला, आणि दाजींनी मुलीच्या वडलांना आणि चुलत्यांना जन्मतारखा विचारल्या. त्यांनी सरळपणे सांगितल्या. दाजींनी बोटं मोजली आणि भर बैठकीत म्हणाले, "म्हंजे तुमी दोघं सख्खं भाऊ, आन मधी अंतर तीन म्हैन्याचं?" आतल्या दारात मुलीची आजी उभी होती, तिनं पदर तोंडावर घेतला. मुलीचे चुलते बाह्या सरसावणार एवढ्यात मी ओरडलो, "एक जून! कुणाची तरी एक जून असंल! मास्तर, मास्तर!" तेव्हा कुठं हशा पिकला आणि सुपारी फुटली. घरी येताना दाजी मलाच म्हणतात, "तुमी घाई केली. धाकट्याची तपासायची हुती."

असं चालू असताना वर्षं काही थांबत नव्हती. म्हातारीची नजर मंदावली. मधूनच दाजींना ती स्वतःच्या भावाच्या नावानं हाक मारायची. कधी आक्कालाच विचारायची, "तू कुणाची गं?" आक्काचा धीर सुटत चालला. एकदा माझ्यासमोर ती दाजींवर इतकी कडाडली, की मी चपला शोधायला लागलो. "म्हातारी हाय तवर ओवाळून घ्या की! तारीख घिऊन काय लोणचं घालायचंय? ती तुम्हास्नी वळखायची बंद झाली म्हंजे मग बसा फळा पुसत!" दाजी उठले. खडू घेऊन फळ्यापुढं उभे राहिले आणि काहीच न लिहिता मागं आले. भीती त्यांनाही वाटत होती, ते हट्टी होते, मूर्ख नव्हते.

आणि मग एका आषाढातल्या बेंदराला मी निपाणीत जेवायला होतो. बैल आता कुणाच्या दारात नाहीत, मातीची जोडी देव्हाऱ्यापुढं मांडली होती, पण पुरणाला काय बैलच लागतात असं थोडंच आहे. आक्कानं म्हातारीच्या ताटात पोळी वाढली, दाजी वरून तूप सोडत होते. म्हातारीचं त्या दिवशी बरं चाललं होतं. पोळीकडं बघत ती सहज म्हणाली, "ह्याच्यापायी माझ्या दोन्ही पोळ्या गेल्या."

तुपाची धार थांबली. "दोन्ही म्हंजे, आये?"

"तिकडलीबी आन हितलीबी. तिकडं आईनं पुरान वाटाय घेतलं आन माझ्या पोटात दुखाय लागलं. हितला बेंदूर आला तर मी अजून बाजेवरच, सव्वा म्हैना कुठं झालता? सासरहून पोळ्या आल्या, त्या सगळ्यांनी खाल्ल्या. आई म्हणली, बाळंतिणीला पुरान बाधतं, तू खीर खा." आणि इतक्या वर्षांनी तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "वासावरच गेलं गं माझं ते वरीस."

मला कळायला एक क्षण लागला. दाजींना तेवढाही लागला नाही. सासरच्या बेंदराला जन्म असता, तर माहेरची पोळी महिनाभर आधी तिनं पोटभर खाल्ली असती. दोन्ही पोळ्या हुकायच्या तर पोर पहिल्या बेंदरालाच व्हायला पाहिजे. दाजी तुपाचं भांडं तसंच हातात घेऊन उठले आणि फळ्याकडं निघाले. मागं तुपाचे थेंब. आक्कानं ओरडायला तोंड उघडलं, आणि मग तिलाही उमगलं, तशी ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, रडायला लागली, काय ते तिचं तिला ठाऊक.

"साल कंचं, आये?" दाजींनी फळ्याजवळून हाक दिली.

"साल काय चाटायचंय?" म्हातारी पोळी मोडत म्हणाली. "ओवाळायला तिथ लागती."

पण घोळ असा, की तिथ महिन्यापूर्वीच होऊन गेली होती. आता पुढची यायची ती अकरा महिन्यांनी. आक्का हात जोडून म्हणाली, आजच बसा, मी ताट करते. दाजी म्हणाले, न्हाय. मी समजावलं, न्हाय. त्या अकरा महिन्यांत त्यांच्या जिवाची जी तगमग झाली ती मी शत्रूलाही चिंतणार नाही. पंचांगात आधी अधिक महिना आहे का ते पाहिलं. नव्हता, एवढंच नशीब. म्हातारी शिंकली की डॉक्टर. म्हातारी जास्त वेळ झोपली की नाकाशी बोट. मला रोज फोन: "पावणं, आज दोन भाकऱ्या खाल्ल्या," किंवा "आज मला मामाच्या नावानं हाक मारली." आक्का सांगायची, फळ्यावरची धूळ झटकायचीही त्यांना आता शुद्ध नाही.

आला एकदाचा ज्येष्ठातला बेंदूर. मी आदल्या दिवशीच जाऊन राहिलो. सकाळी दाजी नवी टोपी घालून पाटावर बसले, सत्तरीच्या पुढचा माणूस, पण शाळेच्या पहिल्या दिवसासारखे ताठ. म्हातारीला खुर्चीत बसवलं होतं. ताट तिच्या हातात दिलं आणि खालून आक्कानं धरलं. कुंकू कपाळाऐवजी नाकावर लागलं, ते कुणी पुसलं नाही. ओवाळून झाल्यावर म्हातारी दाजींचा कान चाचपडत म्हणाली, "मास्तरास्नी सांगा रं कुणीतरी. माझं पोरगं आज झालंय." दाजी वाकून तिच्या पाया पडले.

मग ते उठले आणि स्वतः स्वयंपाकघरातून ताटली घेऊन आले. तीत दोन पोळ्या होत्या. एक दुधात कुस्करून त्यांनी म्हातारीच्या तोंडाशी घास नेला. "ही तिकडली, आये," म्हणाले. "आन ही हितली. दोन्ही ऱ्हायल्या हुत्या तुझ्या." म्हातारीनं पहिली सगळी खाल्ली. दुसरीचे चार घास खाल्ले आणि म्हणाली, "वेलची कमी हाय." आक्का म्हणाली, "जन्मभर हेच ऐकतीया मी."

त्या दुपारी दाजींनी आपल्या नावापुढं ऑइलपेंटात लिहिलं, 'ज्येष्ठ, बेंदूर (तिकडला)'. साल खडूतच ठेवलं. ते त्यांना अजून सापडलेलं नाही आणि आता फारसं शोधतही नाहीत.

त्याच वर्षी थंडीत म्हातारी गेली. सकाळी चहा पिऊन, उन्हाला बसल्या जागी. दाजी शेजारीच होते, आणि हाताला घड्याळ होतं. भेटायला येणारा जो तो विचारायचा, किती वाजता गेल्या? ज्या माणसानं आयुष्यभर गाडीचं मिनिट चुकवलं नाही तो फक्त म्हणायचा, "सकाळी." कुणी पुन्हा विचारलं, सकाळी म्हणजे किती, तर, "सकाळीच की."

तेराव्यानंतर मी फळ्यापुढं उभा होतो. म्हातारीच्या ओळीत निर्गमनाचा रकाना भरलेला होता, पण खडूनं, आणि पुढं शेरा होता, 'तपासणे'. मला राहवलं नाही. म्हटलं, "दाजी, सगळ्या निर्गमनांत ही एक तारीख तर पक्की आहे. तुमच्या डोळ्यांदेखत झालं. ही रंगात का नाही?"

दाजी खडूचे हात धोतराला पुसत होते. "असू द्या, पावणं," म्हणाले. "तपासायची हाय अजून."

यंदा दिवाळीच्या साफसफाईत आक्कानं नेहमीप्रमाणं ओलं फडकं फिरवलं आणि सगळा खडू पुन्हा बादलीत गेला. या खेपेला दाजी रुसले नाहीत. सकाळभर स्टुलावर उभं राहून त्यांनी प्लेग, पणजोबा, बहिरा साक्षीदार, सगळं परत जागच्या जागी लिहून काढलं. म्हातारीच्या ओळीत मात्र निर्गमनाचा रकाना त्यांनी कोरा ठेवला, नुसता शेरा लिहिला आणि स्टूल उचलून आत ठेवलं.